काल्पनिक जगातला विणकर ‘च्यायला’ म्हणेल का?

धोटा_सोलापूर:
तीन वर्षं एक कादंबरी लिहितोय. जग सगळं माझं: दोन चंद्र, खाऱ्या पाण्याची नदी, आणि ज्याच्या हातात कापड त्याचंच राज्य असं एक शहर. त्यातला म्हातारा विणकर रात्री मागावर उभा आहे. आडवा धागा नेणारा धोटा उभ्या ताण्यात अडकतो आणि एका दणक्यात तीन-चारशे धागे तुटतात. मी लिहिलं, ‘‘च्यायला!’’ मित्रानं वाचता वाचता तिथेच पेन्सिल टेकवली. म्हणाला, इतका वेळ तुझ्या शहरात फिरत होतो, या एका शब्दानं उचलून सोलापूरच्या अशोक चौकात आणून ठेवलं.

मग ते खोडून ‘काळ्या चंद्राची आग लागो’ असं केलं. आता म्हातारा पाठ केलेलं बोलतोय असं वाटतं. आमच्या घरी यंत्रमाग होते, धोटा अडकल्यावर माणूस कसा ओरडतो ते ऐकतच वाढलो. वडिलांच्या तोंडून नुसतं ‘आय्...’ निघायचं, तोवर हात माग थांबवायच्या हँडलवर गेलेला असायचा. एवढं लांब वाक्य बोलायला वेळ कुठे असतो? पुढे तासन्‌तास वाकून एकेक टोक सांधायचं, तेव्हा शिवी नसायची, कुणी बोललेलंही चालायचं नाही.

‘हरामखोर’, ‘सैतान’ मी आधीच काढलेत. ज्या जगात अरबी नाही तिथे ‘हराम’ येणार कुठून? पण तसं म्हटलं तर ‘आई’ हा शब्दही मराठीच, आणि अख्खी कादंबरीही. मग रेघ मारायची कुठे?

भीमाकाठ:
‘च्यायला’ आजचं वाटतं म्हणून खटकतं, पण आईवरची शिवी आजची नाही. शिलाहार राजांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे दानाच्या कोरीव शिळा, आठवा. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाई. जो हे दान मोडील त्याच्या आईला ही शिवी, आणि ती राजानं दगडात कोरून घेतलेली. मुंबईत परळला सापडलेल्या बाराव्या शतकातल्या शिळेवर तर ती मराठीत सरळ लिहिलीय. आपल्या सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, तो वाचणाऱ्याला ‘विजयी हो’ म्हणतो. आशीर्वाद काय आणि शिवी काय, दोन्ही दगडात कोरण्याइतकी मोलाची होती.

तुमच्या शहरात कापडाचं राज्य आहे ना? मग राजाची शिवी कापडाच्या काठात विणलेली असेल. ती आधी ठरवा. म्हातारा तीच अर्धी तोडून बोलेल. ‘च्यायला’ तरी काय, ‘त्याच्या आईला’ हेच झिजून झिजून उरलेलं. तुमच्या काळ्या चंद्राची शिवी कोरी करकरीत आहे, तिला कुणी वापरलेलंच नाही, म्हणून ती पाठ केलेली वाटते.

सुईदोरा:
माझी आजी विड्या वळायची. तिच्या तोंडी आई-बहिणीवरची शिवी कधी आली नाही. संध्याकाळी माल घेणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे बुडायचे. घरी आल्यावर सूप खाली ठेवता ठेवता ती म्हणायची, ‘पटकी आली मेल्याला.’ पटकी म्हणजे कॉलरा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तिनं स्वतः साथ पाहिली नसेल, तिच्या आईनं पाहिली असेल. रोग गेला, तोंडात शब्द राहिला.

तुमच्या शहरात कोणती साथ येऊन गेली? ती समजावून सांगू नका. बायकांच्या शापात नुसतं नाव येऊ द्या, वाचणाऱ्याला कळतं. आणि धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका तुमच्या कादंबरीत आहेत का? त्या काय बोलतात?

पूर्वभाग:
मी ‘च्यायला’ ठेवलं असतं. आमच्या घरात तेलुगू बोलतात, पण वडील रागावले की शिवी मराठीत. घरच्या भाषेतली फार लागते, असं ते म्हणायचे. तुमच्या शहरात एकच भाषा आहे का, हेही बघा. विणकरांच्या शहरात मला ते खरं वाटणार नाही.

धोटा_सोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसलो. राजाच्या कापडाच्या काठात आता लाल सुतानं ओळ असते: ‘हा काठ जो कापील त्याच्या काठाला आग लागो.’ म्हाताऱ्यानं ती चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं विणलीय. धोटा अडकल्यावर तो एवढंच म्हणतो, ‘‘च्याकाठाला!’’

सुईदोरा, कांड्या भरणाऱ्या बायका माझ्या कादंबरीत होत्या, पण त्यांना एकही वाक्य नव्हतं. ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. साथीचं नाव अजून सापडलेलं नाही.

पान वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, ‘‘हँडल ओढायच्या आधी म्हणतो की नंतर?’’ म्हटलं, आधी. ‘‘मग बरोबर,’’ म्हणाले.