मदत हवी आहे: वाडीसाठी वणव्याचा आराखडा करायचाय, गणपतीत बैठक आहे

बाहेर धो धो पाऊस कोसळतोय आणि हा माणूस वणव्याचं काय विचारतोय, असं वाटेल. पण आमच्या डोंगराचे निम्मे खातेदार मुंबईत. ते सगळे एका वेळी गावात सापडतात ते गणपतीतच. शिमग्याला येतात तोवर गवत वाळून कुरकुरीत झालेलं असतं.

गाव गुहागर तालुक्यातलं. वाडी उताराच्या मध्यावर, 34 घरं, त्यातली 15 बंद. वर सडा (कातळाचं पठार), खाली पऱ्या (ओढा), मध्ये आंब्याची कलमं आणि काजू. गेल्या मार्चमध्ये भर दुपारी खालच्या अंगाला कोणीतरी पातेरा (वाळका पाला) पेटवला. खारा वारा सुटलेला. आम्ही आयनाचे टहाळे तोडून धावलो, तोवर आग आमच्या पुढे चढून गेली होती. बंब तालुक्याहून आला, पण गाडीरस्ता संपतो तिथेच थांबला. माझी वेंगुर्ला-4 जातीच्या काजूची 60 झाडं गेली. 2020 च्या निसर्ग वादळात जुनी पडली म्हणून लावलेली, नुकती धरायला लागली होती.

झाडांचं सोडा. आग वरच्या घराच्या उडवीपासून (पेंढ्याच्या गंजीपासून) वीसेक हातांवर आली आणि त्या घरात ऐंशीच्या पुढची आजी एकटी झोपलेली होती. कोणाच्या लक्षातच आलं नाही! मी स्वतः त्या दारावरून दोनदा पळत गेलो. शेवटी एका पोराने तिला उठवलं, तर म्हशीचं दावं सोडल्याशिवाय ती हलायला तयार नाही.

म्हणून विचारतो. जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) कुठे आणि कधी काढायची? सातबाऱ्यावर 23 नावं असलेल्या सामाईक जमिनीत परवानगी कशी मिळवायची? उपग्रहावरून मोबाईलवर सूचना येते म्हणतात, तिचा उपयोग होतो का? आणि विम्यातून काही मिळतं का?

कलमवाला (देवगड)
दादा, रेषा कधी काढायची हेच मुख्य. दिवाळीनंतर गवत अर्धं हिरवं असतानाच बेणून (कापून साफ करून) घ्या. वाळल्यावर ग्रासकटर चालवू नका, पातं कातळावर आपटून ठिणगी उडते. आमच्याकडे एका बागेला आग अशीच लागली होती.

आग चढावर जोरात धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवते. म्हणून रुंद पट्टा घरांच्या खालच्या अंगाला हवा. गवत कमरेएवढं असेल तर निदान 15-20 फूट काढा आणि कापलेलं तिथेच टाकू नका, उचला. नवी रेषा आखत बसण्यापेक्षा गडगा (दगडी बांध), पाखाडी (दगडी पायवाट), पऱ्या जिथे आहे तिथूनच न्या, काम निम्मं होतं. दिवसा वारा समुद्राकडून, रात्री मतलई (जमिनीवरचा वारा) उलट येतो, त्यामुळे वरच्या अंगालाही अरुंद का होईना, पट्टा ठेवा.

बंबाची वाट बघू नका. मोहोरावर फवारायचा एचटीपी पंप आणि 200 लिटरचं पिंप वाडीत कोणाकडे तरी असणारच. फेब्रुवारीपासून पिंप भरलेलं ठेवा. पण पंप घराची भिंत आणि उडवी भिजवायला, डोंगर विझवायला नाही. डोंगरावर टहाळाच.

पाखाडी
विम्याची आशा सोडा. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे: अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वारा. वणवा त्यात बसत नाही. मी हेलपाटे घालून हे शिकलोय.

सूचना भारतीय वन सर्वेक्षणाकडून येते, नोंदणी फुकट आहे, जरूर करा. पण उपग्रह सतत डोक्यावर नसतो. आणि चांगल्यात चांगला सेन्सर 375 मीटरचा चौकोन बघतो, म्हणजे तुमची अर्धी वाडी एका ठिपक्यात. मेसेज येईपर्यंत धूर तुम्हालाच दिसलेला असतो. वन विभागाचा हेल्पलाइन नंबर 1926 पाठ ठेवा, मात्र मालकीचा डोंगर म्हटलं की उत्साह जरा ओसरतो, हा माझा अनुभव.

कातळावरची
आजीचं वाचून पोटात गोळा आला. आम्ही वाडीत यादी केलीय: कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं, गुरं किती, आणि त्या घराकडे धावायचं कोणी. घरटी दोन नावं, कारण एक जण नेमका बाजारात असतो. गोळा व्हायचं खालच्या देवळाच्या अंगणात, तिथे मोकळी जागा आहे. उडवी आणि लाकडं घरापासून लांब रचायची, यावर भांडणं झाली, अजून होतात.

आणि पेटवतं कोण, हेही बैठकीत काढा. भाजावळ (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) करायची तर आदल्या दिवशी वाडीत सांगून, सकाळी वारा सुटायच्या आत. जाळलं की गवत चांगलं येतं, हा म्हाताऱ्यांचा समज सोडवणं कठीण, पण उघड्या सड्यावरची माती पहिल्याच पावसात पऱ्यात जाते, ते हाताने दाखवा.

मूळ धागाकर्ता
मनापासून आभार. यादी उद्याच करायला घेतो, त्याला कोणाची सही लागत नाही.
23 नावांचं मात्र राहिलंच. त्यातले चार जण वारलेत, वारसनोंद नाही.

कलमवाला (देवगड)
सही सोडा. जमिनीचा हक्क कोणी मागत नाहीये, फक्त गवत कापणार, एवढंच एका कागदावर लिहा. जे हजर असतील त्यांच्याकडून तो वाचून घ्या आणि गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाका. पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर कोयत्या काढा. आणि हरकत घेणारा निघाला, तर त्याचं नाव घरटी यादीत धावणाऱ्यांमध्ये पहिलं घाला.