म्हशीचा जार पडेपर्यंत रेडकाला चीक पाजायचा नाही का?

काटोलचा गोपालक:
माझी एक नागपुरी म्हैस दुसऱ्या वेताला गाभण आहे. ११ फेब्रुवारीला कृत्रिम रेतन केले होते, म्हणजे ३१० दिवसांच्या हिशेबाने ती १८ डिसेंबरच्या आसपास व्यायला हवी. मागच्या वेताला ती रात्री दहाच्या सुमारास व्यायली, परंतु जार (वार) सकाळी सातपर्यंत पडला नाही. आणि तोवर सडाला हात लावला तर जार वर चढतो, असे घरातील ज्येष्ठांचे ठाम मत असल्याने वगार (मादी रेडकू) नऊ तास उपाशी राहिली. पुढे चीक पाजला, पण तोही थोडाच, कारण बराचसा खरवसासाठी शेजारीपाजारी गेला होता. पाचव्या दिवशी वगारीला पांढरट हगवण लागली आणि तेराव्या दिवशी ती दगावली. या वेळी काय करावे? शिवाय आतापासूनच कॅल्शियमचे औषध पाजावे, असा सल्ला मला एका दुकानदाराने दिला आहे. तो योग्य आहे का?

उमरेडकर:
आमच्याकडेही हीच रीत होती. गेली काही वर्षे मी रेडकू धडपडत उभे राहू लागले की त्याला थेट सडाशी लावतो आणि त्यामुळे एकाही म्हशीचा जार वर चढलेला मी पाहिलेला नाही. एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. एकदा जार लोंबकळत राहिला, तेव्हा एका जाणत्या म्हणवणाऱ्या गृहस्थाने त्याला वीट बांधायला लावली. संध्याकाळी म्हशीने कळ दिली आणि अंगच, म्हणजे गर्भाशय, बाहेर आले. ती म्हैस वाचली, पण पुन्हा गाभण राहिली नाही.

पशुवैद्यक, नागपूर:
सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो तेव्हापासून हा प्रश्न ऐकत आलो आहे. वस्तुस्थिती समजुतीच्या नेमकी उलट आहे. रेडकू सडाला ढुशा देते तेव्हा ज्या ऑक्सिटोसिनमुळे पान्हा सुटतो, त्याच संप्रेरकामुळे गर्भाशयही आकुंचन पावते, त्यामुळे पाजण्याने जार पडायला मदतच होते. जार साधारणपणे ८ ते १२ तासांत पडतो. त्याहून अधिक वेळ लागल्यास ओढू नये, वजन बांधू नये, डॉक्टरांना बोलवावे.

रेडकाच्या बाजूने हा उशीर फार महागात पडतो. गाई-म्हशींमध्ये आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये गर्भाला पोहोचत नाहीत, ती केवळ चिकातूनच मिळतात; आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मापासून तासागणिक घटत जाऊन सुमारे २४ तासांत संपते. तापवताच चीक घट्ट होऊन ज्या प्रथिनांमुळे खरवस जमतो, त्यांतच ही प्रतिद्रव्येही असतात, एवढे ज्येष्ठांना सांगून पाहा. पहिला चीक तासा-दोन तासांत पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या सहा तासांत पोटात गेला पाहिजे. नाळ पोटापासून दोन बोटे अंतरावर स्वच्छ दोऱ्याने बांधून, निर्जंतुक पात्याने कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. म्हशीच्या रेडकांना आईच्या दुधातूनच गोल जंतांची लागण होते, त्यामुळे दहाव्या दिवसाच्या सुमारास पिपरॅझिनची मात्रा वजनानुसार विचारून द्यावी.

कॅल्शियमबाबत सांगायचे तर, विण्याआधी ते भरपूर दिल्यास हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि चीक उतरताच अचानक मागणी वाढली की जनावर दुग्धज्वराने खाली बसते. म्हणून शेवटचे तीन आठवडे कॅल्शियमचे औषध आणि लसूणघास दोन्ही टाळा. कडबा आणि बेताची सरकीची ढेप चालेल. व्यायल्यावर मात्र त्याच दिवसापासून कॅल्शियम द्या. कान गार पडले, मान बरगडीकडे वळली, तर तोंडाने काहीही पाजू नका, ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. शिरेतून कॅल्शियमचे सलाईन डॉक्टरांनीच सावकाश द्यावे लागते.

काटोलचा गोपालक:
म्हैस १७ तारखेच्या पहाटे पावणेतीनला व्यायली. पुन्हा वगारच झाली. थंडी कडाक्याची असल्याने तिला गोणपाटाने खसखसून पुसले आणि तुरीच्या कुटारावर ठेवले. पुढच्या पायांवर दोनदा कोसळून ती अर्ध्या तासात उभी राहिली, पण सड तिला सापडेना. चिकात बुडवलेले बोट तोंडात दिले आणि ते तसेच सडापर्यंत नेले, तेव्हा ती लागली. आईने खाटेवरून नाराजीनेच पाहिले. जार सकाळी साडेआठला आपोआप पडला. २७ तारखेवर जंताच्या औषधाची खूण करून ठेवली आहे. खरवसासाठी आलेला शेजारणीचा डबा तेवढा या वेळी रिकामाच परत गेला.