चर्चा धागा: ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून फ्रीबीएसडी धरावं की ओपनबीएसडी?

तापीकाठ (सावदा):
केळीच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसचं मशीन मी सांभाळतो. गाड्यांच्या नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या, सगळं त्यावरच. आधी ओपनबीएसडी होतं. गेल्या मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उन्हाने आधीच बसलेली. लाइट आल्यावर स्क्रीनवर एकच निरोप: एफएससीके (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) हाताने चालवा. बाहेर ट्रक भरून उभे, आत मी एकेका प्रश्नाला ‘वाय’ दाबत बसलेलो. चाळीस मिनिटं गेली. मग फ्रीबीएसडी टाकलं, झेडएफएस या फाइल सिस्टीमसकट (डिस्कवर फाइली मांडायच्या व्यवस्थेसकट). आता लाइट गेली तरी मशीन आपलं आपण उठतं.

दोन्ही बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सची लेकरं, पण माझ्या मते नवख्याने फ्रीबीएसडीच धरावं. तिथे नऊ जणांची कोअर टीम (कारभार बघणारी मंडळी) कमिटर लोक, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करायची मुभा असलेले, दर दोन वर्षांनी मतदानाने निवडतात. ओपनबीएसडीत शेवटचा शब्द थिओ डी राट यांचा. १९९४ च्या डिसेंबरात त्यांना त्याच कुळातल्या नेटबीएसडीतून बाहेर पडावं लागलं, १९९५ मध्ये त्यांनी हे वेगळं घर मांडलं. अशा घरात कोडमधल्या बदलाचा पहिला पॅच पाठवताना हात थरथरतो.

लळिंगचा वारा (धुळे):
माले पटनं नही भाऊ. त्या मशीनवर दुरून लॉगिन कशाने करता? ओपनएसएसएचने. ते १९९९ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनीच दिलं. पीएफ फायरवॉल २००१ चा, तोही त्यांचाच. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी उघडकीला आल्यावर त्या लायब्ररीचा कोड हातात घेऊन नको ते छाटत लिबरएसएसएल उभं करणारे हेच. आणि झेडएफएस तर मुळात सन मायक्रोसिस्टिम्सचं.

मतदानाचं म्हणाल, तर मतदान असूनही २००३ मध्ये डेव्हलपर मॅथ्यू डिलन फ्रीबीएसडीतून फुटलेच ना? ड्रॅगनफ्लाय ही वेगळी बीएसडी त्यातूनच आली. मी पीएफ शिकलो तो मॅन पेज (सिस्टीमसोबतच येणारी माहितीची पानं) वाचून, नेट बंद असताना, रात्री. तिथे मॅन पेजमधली चूक कोडमधल्या बगाइतकीच गंभीर मानतात. नवख्याला याहून मोठा आधार कोणता?

तोरणमाळ (नंदुरबार):
दोघंही थोरल्या नेटबीएसडीला विसरलात. त्याच्या फाइल सिस्टीमला जर्नलिंग (बदल आधी टिपून ठेवून मग करणं) २००९ पासून, ५.० आवृत्तीतच आलं. म्हणजे लाइट जाण्यावर उतारा फक्त झेडएफएसच, असं नाही. जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर तर मी तेच टाकीन.

तापीकाठ:
जर्नलिंगचं मान्य. मॅन पेजचंही मान्य, फायरवॉलसाठी ओपनबीएसडी मीही लावीन. फायरवॉलच्या मशीनवर डिस्कवर लिहिलं जातंच किती, की लाइट गेल्यावर बिघडेल! पण लळिंगभाऊ, डिलन यांच्या उदाहरणाने माझा मुद्दा पडत नाही. ते गेले, तरी पुढच्या निवडणुकीत माणसं बदलता आली. ओपनबीएसडीत ती सोय कुठे आहे?

लळिंगचा वारा:
नाहीच. म्हणून तर तिथे नको असलेला कोड काढून टाकायला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. ब्लूटूथ त्यांनी असंच काढलं. मला तेच हवंय.