मदत हवी आहे: फसवणुकीवर चालणाऱ्या घरातून धाकट्या भावाला बाहेर कसं काढू?

नमस्कार. हा आयडी आजच काढला आहे, जुन्या नावाने हे लिहिणं शक्य नव्हतं. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून मग उत्तर द्या ही विनंती.

माझं घर लोकांना फसवून जगतं. आई, बाबा, मामा, आणि आजी होती तोवर आजीसुद्धा. घरात दुसरी मिळकत कधीच नव्हती. मी २६ वर्षांची आहे. १९व्या वर्षी शिक्षणाचं निमित्त करून बाहेर पडले, ती परत राहायला गेले नाही. भाऊ १७ वर्षांचा आहे आणि तो अजून तिथेच आहे.

फसवणूक म्हटलं की गोड बोलणारा एकटा माणूस डोळ्यांसमोर येतो. आमच्या घरात बाबा गोड बोलतच नाहीत. ते निवृत्त अधिकारी असतात, मोजकं बोलतात, स्वतःहून काही मागत नाहीत. त्यांची वडिलोपार्जित इस्टेट कोर्टात अडकलेली असते आणि निकाल जवळ आलेला असतो. मामा त्या दाव्यातले वकील असतात. सगळ्यात मोठं काम आईचं. ती विरोध करते. "अहो नको, त्या बिचाऱ्यांचे पैसे कशाला अडकवता," असं ती समोरच्याच्या देखत म्हणते, अगदी डोळ्यांत पाणी आणून. घरातली बाईच नको म्हणतेय म्हटल्यावर समोरच्याचा उरलासुरला संशय जातो. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आजही कुणी माझ्या बाजूने जास्त कळकळीने बोलायला लागलं की मला धडधडतं.

माझंही काम होतं. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. वही घेऊन बाहेरच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, "बाबा, फी भरायची उद्या शेवटची तारीख आहे." बाबा मला सगळ्यांसमोर रागवायचे. मी रडायचे, ते रडणं खरंच असायचं, कारण ते खरंच रागवायचे. मग आलेला माणूस स्वतःहून पाकीट काढायचा. पहिली रक्कम लहान असे आणि ती ठरल्या दिवसाआधी परत जात असे, वर आभार मानायला बाबा स्वतः जात. दुसरी, तिसरीही परत जात असे. पुढची जात नसे. अशा लोकांना आमच्या घरात 'पाहुणे' म्हणतात.

दर दीड-दोन वर्षांनी आम्ही गाव बदलायचो. नवीन घरात शिरायच्या आधी बाबा सगळ्यांना बसवून सांगत, इथे आपण कोण आहोत, कुठून आलो, आजीला काय आजार आहे. पाठ चुकला की पुन्हा म्हणायचा.

मी हे सगळं आमच्यापुरतंच समजत होते. मग वाचनात इंग्लंडमधल्या बोल्टनचं ग्रीनहॉल्श कुटुंब आलं. मुलगा शॉन घरामागच्या शेडमध्ये बनावट प्राचीन वस्तू घडवायचा आणि व्हीलचेअरवरचे वृद्ध वडील त्या वाडवडिलांच्या ठेवणीतल्या म्हणून विकायला न्यायचे. 'अमार्ना राजकन्या' म्हणून केलेला इजिप्शियन पुतळा बोल्टनच्याच संग्रहालयाने २००३ मध्ये सुमारे ४ लाख ४० हजार पौंडांना घेतला. पुढे असीरियन, म्हणजे प्राचीन इराकमधली, म्हणून दाखवलेल्या शिल्पांवरच्या क्यूनिफॉर्म या तिथल्या जुन्या लिपीत चुका निघाल्या आणि सगळं उलगडलं. २००७ मध्ये शॉनला ४ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. आई-वडील ऐंशी ओलांडलेले, त्यांनाही दोषी धरलं, पण त्यांच्या शिक्षा स्थगित ठेवल्या. त्या व्हीलचेअरपाशी मी वाचायची थांबले. आमच्याकडे आजीची होती. आजी घरात चालायची.

आणि फ्रान्समधली तेरेझ अंबेर. अमेरिकन कोट्यधीशाचा वारसा तिजोरीत आहे, पण दावा चालू असल्याने उघडता येत नाही, असं सांगून ती आणि तिच्या घरचे सुमारे वीस वर्षं कर्जावर थाटात राहिले. दावा लावणारे क्रॉफर्ड नावाचे पुतणे मुळात अस्तित्वातच नव्हते. १९०२ मध्ये तिजोरी उघडली तेव्हा आत काहीच मोलाचं नव्हतं. कोर्टात अडकलेली इस्टेट! बाबांनी हे वाचलं असेल असं मला वाटत नाही. खोटा दावा उभा केला की वेळ विकत घेता येतो, हे त्यांना आपोआप सापडलं असणार.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. तो खुशीत होता. त्याला बँकेतला साहेब म्हणून फोन करायचं काम दिलं आहे. त्याचा आवाज जड आहे, मोठ्या माणसासारखा. एका निवृत्त शिक्षिकेशी त्याने तीनदा बोलणं केलं आणि तिला शंका आली नाही, हे तो मला अभिमानाने सांगत होता. बाई एकट्या राहतात. साठवलेले पैसे देऊन झालेत, आता राहतं घर विकायचा विचार आहे. चार महिन्यांनी भाऊ १८ पूर्ण करेल, तेव्हा त्याच्या नावाने खातं उघडायचं ठरलं आहे. मी १८ची झाले तेव्हा माझ्याही नावाने उघडलं होतं. मी सह्या केल्या होत्या. त्या खात्यातून काय गेलं-आलं मला माहीत नाही.

त्या बाईंना कसं थांबवू? भावाला कसं काढू? आणि मी पोलिसांकडे गेले तर त्याच्यावर काय येईल? तो वाईट मुलगा नाही हो. त्याला दुसरं काही कुणी शिकवलंच नाही.

प्रतिसाद १

ताई, माझे वडील तुमच्या भाषेतले पाहुणे होते. दुसऱ्या एका कुटुंबाचे. त्यामुळे तुमच्यावर राग येईल असं वाचताना वाटत होतं, पण फीचं वाचलं आणि राग राहिला नाही.

शिक्षिकेबद्दल सांगतो. फोन करून "ते लोक लबाड आहेत" असं म्हणू नका. आम्ही वडिलांना तेच सांगत होतो आणि ते प्रत्येक वेळी आमचं बोलणं त्या कुटुंबालाच कळवत. ते लोक हसून म्हणायचे, "तुमच्या मुलांचा डोळा पैशावर आहे." वडील त्यांच्याकडे अजून सरकले. त्यांना मुळात पैशाचा मोह नव्हता. आई गेल्यावर त्या घरात कुणीतरी त्यांची विचारपूस करत होतं, एवढंच होतं. तुमच्या शिक्षिकेलाही आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटत असेल. ते हिरावून घेतलं तर त्या ऐकणार नाहीत.

वडिलांचे डोळे कागदाने उघडले. ज्या जागेचा करार त्यांच्याकडे होता, त्याच जागेचा तसाच करार दुसऱ्या एका गृहस्थांकडे निघाला. दोघांना समोरासमोर बसवलं. वडील अर्धा तास बोलले नाहीत. तुम्हाला आधीचा एखादा 'पाहुणा' आठवतो का, जो आज बोलायला तयार होईल? त्यांनीच त्या बाईंना भेटावं. फसलेल्या माणसाचं फसणारा माणूस ऐकतो. आणि बाईंना एकच विनंती करा: घर विकायच्या आधी त्या दाव्याचा क्रमांक मागून घ्या आणि कोर्टात स्वतः चौकशी करा. शिवाय 'बँकेच्या साहेबां'चा फोन आला की तो ठेवून बँकेत प्रत्यक्ष जा. खऱ्याला याची अडचण नसते.

अजून एक. पैसे बुडाले की काही दिवसांनी "तुमचे पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा" म्हणणारे उगवतात. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. आमच्याकडेही असा फोन आला होता. बाईंना हेही सांगून ठेवा.

प्रतिसाद २

मी वकिली करते. तुमचा देश, गाव माहीत नसताना कलमं सांगण्यात अर्थ नाही, पण क्रम सांगते.

सगळ्यात आधी तुमच्या नावाचं खातं. स्वतः बँकेत जा, उघडल्यापासूनचा पूर्ण उतारा घ्या, मग खातं गोठवण्याबद्दल किंवा बंद करण्याबद्दल विचारा. उतारा हातात येईपर्यंत घरी अवाक्षर बोलू नका. त्या खात्यात काही शिल्लक असेल तर तिला हात लावू नका, ती कुणाची तरी आहे.

मग फौजदारी काम करणारा वकील गाठा, मामांच्या किंवा घरच्या ओळखीतला नको. पोलिसांकडे त्याच्यासोबत जा. अमेरिकेत गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांना फसवणाऱ्या बर्नार्ड मॅडॉफचं उदाहरण देते. डिसेंबर २००८ मध्ये त्याने मुलांना सांगितलं की सगळा व्यवसाय खोटा आहे. मुलांनी लगेच वकील गाठला, त्याच्यामार्फत तपास यंत्रणेला कळवलं, दुसऱ्या दिवशी वडिलांना अटक झाली. मुलांवर फौजदारी खटला झाला नाही. त्याचा भाऊ पीटर कंपनीत नियम पाळले जातात की नाही हे बघायच्या जागेवर होता, खोट्या कागदांवर त्याच्या सह्या होत्या. त्याला २०१२ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या भावाचा १८वा वाढदिवस मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तो अजून अल्पवयीन आहे, मोठ्यांनी सांगितलेलं करतो आहे आणि त्याने अजून कशावरही सही केलेली नाही. ती होऊ देऊ नका.

पुरावा म्हणून आईबाबांचा फोन किंवा ईमेल चोरून उघडू नका. तुम्हाला जे आठवतं ते तारखांसकट वहीत लिहा. घरं, नावं, कोण आलं, किती रक्कम. आठ वर्षांच्या मुलीच्या आठवणीला किंमत नसते असं समजू नका.

संशय तुमच्यावरही येईल, त्याची तयारी ठेवा. अंबेर प्रकरणात चित्रकार मातीसचे सासू-सासरे त्या घरी नोकरीला होते. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं, तरी सासऱ्यांना अटक झाली आणि खुद्द मातीसच्या स्टुडिओची झडती झाली. सासरे निर्दोष ठरले, पण ते वर्ष सगळ्यांना फार जड गेलं. म्हणून आधी तुम्ही जा. शोध घेत कुणी तुमच्या दारात येण्याची वाट पाहू नका.

प्रतिसाद ३

भावापुढे आईबाबांना गुन्हेगार म्हणू नका, निदान सुरुवातीला. तो त्यांच्या बाजूने उभा राहील. मी किशोरवयीन मुलांसोबत काम करतो. घरात शाबासकी एकाच गोष्टीची मिळत असेल तर मूल तीच गोष्ट करतं. त्याला तुमच्याकडे राहायला बोलवा, कारण साधं असू द्या. आणि त्या शिक्षिकेबद्दल बोलताना 'पाहुणी' शब्द तुम्ही वापरू नका. नाव घ्या. त्याला तिचं नाव माहीत आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद तीन-तीनदा वाचले.

बँकेत जाऊन आले. खातं चालू आहे. उतारा १९ पानांचा आहे. त्यात अकरा माणसांची नावं आहेत आणि त्यातल्या चौघांना मी पाहिलेलं आहे. एक काका मला चित्रांची पुस्तकं आणून द्यायचे. त्यांचा मुलगा सापडला आणि काल मी त्याच्याशी बोलले. आधी त्याने फोन ठेवला, तासाभराने स्वतःहून केला. शिक्षिकाबाईंना भेटायला तो तयार आहे. काका आता नाहीत.

वकीलबाईंची भेट सोमवारी आहे. वही लिहायला घेतली आहे, आतापर्यंत सहा घरं आठवली.

भाऊ शनिवारी येतोय. सुट्टीत चार दिवस ये म्हटलं, आईने परवानगी दिली. नावाचं सांगितलं होतंत तसं केलं. फोनवर सहज विचारलं, त्या बाईंचं नाव काय रे? त्याने सांगितलं आणि मग बराच वेळ गप्प राहिला. ठेवताना त्याने मला विचारलं, "ताई, तुझ्याकडे मी कोण म्हणून यायचं?"

त्याला म्हटलं, माझा भाऊ म्हणून ये, नाव तेच सांग.

त्याला परत कसं जाऊ द्यायचं नाही, हे मला अजून कळत नाहीये. चार दिवसांनी आईचा फोन येईल, ती रडेल आणि तो निघेल. आईचं रडणं मला माहीत आहे, त्यापुढे मीही टिकत नाही. प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांना विनंती, याबद्दल काही सुचवता आलं तर शनिवारच्या आत लिहा.