पाच वर्षांची देखभाल आम्ही करू, पण मीटर कोण लावणार?

भाऊ, ‘छतावर सोलर बसवणाऱ्याला पाच वर्षांच्या देखभालीत बांधलंच पाहिजे, नाहीतर तो पैसे घेऊन पळतो’ हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पळणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे यवतमाळकडच्या खेड्यांत आम्हा सोलर बसवणाऱ्यांनाही लोक दारात उभं करत नाहीत. पण सगळा भार एकट्या बसवणाऱ्यावर का? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, ते थेट ग्राहकाच्या खात्यात, तेही नेट मीटर (घेतलेली आणि लाईनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागून तपासणी झाल्यावर. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता, म्हणजे तिथली लाईन ही जोडणी पेलेल का, ते तपासायची अट २०२४ च्या नियमांनी काढली, चांगलं झालं. मात्र मीटरच आलं नाही तर पॅनल छतावर, कास्तकाराचा कर्जाचा हप्ता सुरू, आणि फोन मला. माझी बाकीही तोवर अडकलेली.

त्याहून वाईट म्हणजे विकताना बोललेलं खोटं. एजंट सांगतो, लाईन गेली तरी घर चालेल. बॅटरी नसलेला ऑनग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेला, इन्व्हर्टर लाईन जाताच बंद होतो, व्हायलाच पाहिजे, नाहीतर पॅनलची वीज उलट तारांत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन जाते ती भर दुपारी, म्हणजे ऐन उत्पादनाच्या वेळी. मग बिल उतरलं नाही की तक्रार माझ्या नावावर, एजंट मोकळा. त्याचीही नोंदणी सक्तीची करा, आणि मीटरला उशीर करणाऱ्या वीज कंपनीच्या कार्यालयाकडून ग्राहकाला दिवसागणिक भरपाई मिळू द्या.