आधी कुंपण, मग शेळ्या

ताई, जैसलमेरजवळच्या ढाणीत, म्हणजे शेतातल्या छोट्या वस्तीवर, बाग आणि शेळ्या एकदमच सुरू कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, पहिलं वर्ष फक्त कुंपणाला आणि टांक्याला द्या. टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीखालचं टाकं. तिकडे वर्षाला 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, थेंबन् थेंब धरावा लागतो. आम्ही बोरीच्या वाळक्या फांद्यांचं कुंपण घातलं होतं. एका कोपऱ्यात हातभर फट राहिली आणि करडांनी एका सकाळीत डाळिंबाची सगळी रोपं बुडख्यापर्यंत खाल्ली. रडूच आलं मला.

प्रत्येक रोपाशेजारी मातीचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपत मुळांपाशी जातं, उन्हाने उडून जात नाही.

अंगणात खेजडी असेल तर तोडू नका, ती आपली शमीच. तिचा पाला शेळ्या आवडीने खातात आणि कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते. गाय घ्यायचीच तर थारपारकर घ्या, त्या उन्हात ती छान तगते. आमची दुपारभर खेजडीच्या सावलीत रवंथ करत बसते.