रायडरमध्ये विजेचंही लिहा

छोट्या बँडनं रायडरमध्ये, म्हणजे आयोजकांना द्यायच्या तांत्रिक गरजांच्या कागदात, इनपुट लिस्ट (कुठली वाद्यं, कुठले माइक) आणि स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठं) आधी पाठवला की निम्मं काम झालं, असं म्हणतात, ते शंभर टक्के पटतं. पण विजेबद्दल कुणीच बोलत नाही, आणि छोट्या बँडचा घात तिथंच होतो. शाहू स्मारकसारख्या सभागृहात एकवेळ चालून जातं, पण कोल्हापुरात पेठेतल्या मैदानावर जनरेटरवर कार्यक्रम असला, की काहीही जोडायच्या आधी व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावायचाच. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. थ्री-फेजचा न्यूट्रल सुटला तर एखाद्या प्लगवर ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. एका मंडळाच्या कार्यक्रमात आमच्या कीबोर्डचा अडॅप्टर असाच जळाला. विजेच्या जोडणीची पेटी उघडली तर न्यूट्रलचा नट बोटानं फिरत होता!

आणि घुं आवाज येतोय म्हणून अर्थिंगची पिन काढायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. बिघाड झाला तर गिटारच्या तारेतून आणि माइकच्या जाळीतून करंट थेट माणसाच्या अंगात जातो. घुं घालवायला डीआय बॉक्सवर (वाद्याचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं, बटण असतं. स्टेजवरची सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच फेजवर घ्या, लाइटचे डिमर दुसऱ्या फेजवर. बहुतेक वेळा घुं तिथंच थांबतं.